युरिया किती, यापेक्षा तो कुठे फुटतो हे पाहा

खरीप आला की गोंदिया जिल्ह्यात एकच प्रश्न ऐकू येतो: युरिया मिळाला का? टंचाईची तक्रार खोटी नाही. पण मिळालेल्या पोत्यातले किती धानाच्या पोटात जाते, हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि माझ्या मते खरा तोटा तिथेच आहे. हवेतला नायट्रोजन तोडणे फार कठीण. त्याच्या दोन अणूंची घट्ट मिठी सोडवून अमोनिया करायला कारखान्यात चारशे अंशांच्या आसपास उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. मग अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड जोडून युरिया बनतो. एवढ्या खटपटीने जोडलेले हे संयुग बांधीतल्या पाण्यात पडले की युरिएज नावाचे विकर त्याला काही दिवसांतच फोडते, आणि हाती येतात तेच दोन पदार्थ, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड.

फुटणे वाईट नाही. ते झाल्याशिवाय धानाला नायट्रोजन नीट मिळतच नाही. प्रश्न जागेचा आहे. मूठभर युरिया साचलेल्या पाण्यात फेकला की पांढरे दाणे बघता बघता विरघळतात. दुपारच्या उन्हात पाण्यावरचे शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, पाणी अल्कधर्मी होते आणि अमोनिया वायू होऊन उडून जातो. उरलेल्यातला काही भाग वरच्या पातळ, हवेशीर थरात नायट्रेट बनतो, खाली झिरपतो, आणि तिथले जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेऊन नायट्रोजन पुन्हा हवेत सोडतात. पाण्यावर फेकलेल्या युरियातला साधारण एक तृतीयांश नायट्रोजनच पिकाला लागू पडतो. हाच युरिया सात ते दहा सेंटीमीटर खोल चिखलात फुटला, तर तिथे ऑक्सिजन नसल्याने नायट्रेट होत नाही, चिकणमाती अमोनियमला धरून ठेवते आणि मुळे ते सावकाश घेतात. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध खोचतात, ती याचसाठी. बांगलादेशात 'गुटी' युरिया हेच काम करतो.

कोणी म्हणेल, 2015 पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे, मग आणखी काय हवे? लेपाचा उपयोग आहे, पण तो मुख्यतः अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवतो. पाण्यावरून उडणारा अमोनिया त्याने थांबत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. रोवणीच्या दिवसांत बायामाणसे मिळत नाहीत, आणि वाकून वाकून गोळ्या खोचायला लावणे म्हणजे आधीच मोडलेल्या कंबरेवर आणखी भार. हे मला मान्य आहे, म्हणूनच ढकलत नेण्याचे साधे यंत्र गोळीबरोबरच पोचले पाहिजे. शिवाय गोळी एकदाच द्यायची असते, फेकीचा युरिया दोन-तीनदा. बरडी जमिनीत पाणीच ठरत नाही. तिथे हा उपाय चालणार नाही, कन्हारात चालेल.

युरियाचे 45 किलोचे पोते 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणून उडून गेलेल्याचे कोणाला वाईट वाटत नाही; त्याची बाकीची किंमत मात्र अनुदानातून आपण सगळेच भरतो. त्या पैशातला थोडा भाग गोळ्या बनवणाऱ्या यंत्रांवर खर्च व्हावा, आणि आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगावच्या सोसायट्यांत गोळी पऱ्हे टाकायच्या वेळेलाच येऊन पडावी. रोवणी झाल्यावर आलेली गोळी त्या हंगामाच्या कामाची नाही.