पिवळा दिवा काय सांगतो?

बहुमजली इमारतीच्या तळमजल्यावर, पहारेकऱ्याच्या टेबलाजवळ, आगीची सूचना देणारे एक पॅनेल भिंतीवर बसविलेले असते. त्यावरील तांबडा दिवा लागला म्हणजे आग, हे मुलांनाही ठाऊक असते. परंतु पिवळा दिवा लागून बारीक भोंगा वाजू लागला, तर काय करावे, हे फार थोड्यांना माहीत असते. ‘आग नाही ना, मग आवाज बंद करा,’ असे म्हणून कोणी तरी कळ दाबतो आणि प्रकरण तेथेच मिटते.

वास्तविक पिवळा दिवा आगीची वार्ता देत नाही; ती वार्ता देणारा पहारेकरीच आजारी आहे, असे तो सांगतो. कळ दाबल्याने त्याचे कण्हणे थांबते, दुखणे थांबत नाही.

ही दुखणी मुख्यत्वे तीन प्रकारची असतात. पहिले विजेचे. बहुतेक पॅनेले 24 व्होल्टवर चालतात आणि वीज गेल्यास 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या त्यांना जागे ठेवतात. या बॅटऱ्या सामान्यतः तीन ते पाच वर्षांत क्षीण होतात. दुसरे तारांचे. साध्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये प्रत्येक विभागाच्या तारेतून सतत अल्पसा प्रवाह वाहत असतो. तार तुटली किंवा रंगकामासाठी कोणी धूरसूचक काढून ठेवला, की तो प्रवाह खंडित होतो आणि पॅनेल तक्रार करते. धूरसूचकावर नुसती पिशवी बांधली असेल, तर मात्र ते बहुधा गप्पच राहते. म्हणून रंगारी गेल्यावर पिशव्या आठवणीने काढून घ्याव्यात. तिसरे पाण्याचे. पाण्याच्या फवाऱ्यांची झडप दुरुस्तीनंतर बंदच राहिली, तर आगीच्या वेळी घंटा वाजेल, परंतु पाणी येणार नाही. ज्या पॅनेलला ही झडप जोडलेली असते, ते तशी सूचना देते.

मग आपण काय करावे? प्रथम पॅनेलवरील अक्षरे वाचावीत. तांबडा दिवाही लागला असेल, तर विचार करीत न बसता इमारत रिकामी करावी व 101 किंवा 112 या क्रमांकावर कळवावे. केवळ पिवळा असेल, तर वेळ, विभाग आणि मजकूर नोंदवहीत लिहून मगच भोंगा थांबवावा. त्या विभागात जाऊन तेथे खरोखर धूर नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. नंतर वीजपुरवठा, निघालेले धूरसूचक आणि झडपा तपासाव्यात; तारा व बॅटऱ्या मात्र जाणत्या कारागिराच्याच हाती सोपवाव्यात. दुरुस्ती होईपर्यंत त्या मजल्यांवर रात्रंदिवस माणसाची फेरी ठेवावी आणि तेथील रहिवाशांना तसे सांगावे. यंत्राची झोप माणसाच्या जागरणानेच भरून काढावी लागते.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये, आगीसंबंधीची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. परंतु कागद वर्षातून दोनदा बोलतो. पिवळा दिवा कोणत्याही दिवशी बोलेल. आज घरी परतताना आपल्या इमारतीच्या पॅनेलपाशी क्षणभर थांबा. तेथे केवळ हिरवा दिवा असेल, तर ठीक. पिवळा असेल, तर तो केव्हापासून जळत आहे, हे अवश्य विचारा.