खिचडीनंतर काय?

अंगणवाडी म्हणजे काय, असं आपल्या वस्तीत कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं : खिचडी. तिथं शिकवतात का, हा प्रश्न कुणाला सुचतच नाही. कॉलनीतल्या पोराला नर्सरी, झोपडपट्टीतल्या पोराला खिचडी. दोघंही तीन वर्षांचे. एकाला घसरगुंडी, रंगखडू, गोष्टीची पुस्तकं. दुसऱ्याला घरनं आणलेला डबा आणि 'गप बस'. सहाव्या वर्षी दोघं पहिलीत जातात आणि मास्तर म्हणतो, ह्या लोकांच्यात मुळातच डोकं नसतं. मनूनं जे जन्मावरून ठरवलं, ते आता तिसऱ्या वर्षी ठरतं. एवढाच काय तो फरक.

मित्रांनो, ही अंगणवाडी कुणाच्या दारात जन्मली ते आधी समजून घ्या. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. ज्याला तेव्हा हरिजनवाडा म्हणत, तिथली पोरं बालवाडीत येईनात. कशी येतील? हजारो वर्षं ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांची पोरं आपण होऊन आत शिरत नसतात. मग बाईंनी बालवाडीच उचलली आणि वाड्यातल्या अंगणात नेली. खडे, बिया, शिंपले, पानं हेच शिकवायचं सामान. अंगणवाडी ती ही. म्हणजे ती आपल्याच अंगणात सुरू झाली, आणि शिकवण्यासाठी सुरू झाली. निव्वळ भात वाटायला नव्हे.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत चालू केली. नाव तेच घेतलं. कागदावर सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आयांना पोषण-आरोग्याचं शिक्षण आणि पोरांना शाळेपूर्वीचं शिक्षण. ह्यातलं शेवटचं सगळ्यात आधी गळालं. कारण खिचडीचं बिल निघतं, गोष्ट सांगितल्याचं बिल निघत नाही.

आता कायद्याची हातचलाखी बघा. बाबासाहेबांच्या घटनेतलं मूळ कलम ४५ काय सांगत होतं? चौदा वर्षं पुरी होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यानं दहा वर्षांत करावा. खालच्या वयाची अट त्यात नव्हती. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टानं चौदापर्यंतचं शिक्षण मूलभूत हक्क ठरवलं. मग २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती आली. हक्क मिळाला तो सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना. सहाच्या खालचं पोर कलम ४५ मध्ये ढकललं, मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे जे मागायला कोर्टात जाता येत नाही त्या खात्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम ११ वाचा. शाळेपूर्वीच्या शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल'. करील नव्हे. एका क्रियापदात आपली सहा वर्षं खाल्ली. आणि मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आतच होते, हे सरकारच २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहितं.

बाबासाहेबांना लहान पोरांचं कळत होतं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात खाणमालकाला पाळणाघर ठेवायला भाग पाडता येईल अशी तरतूद कायद्यात आली. आई खाणीत आहे तर पोर कुठं आहे, हा प्रश्न त्यांनी राज्यापुढं ठेवला. आज वाळूजला, चिकलठाण्याला कंपनीत जाणाऱ्या, बांधकामावर पाट्या उचलणाऱ्या आपल्या बाया पोर कुठं ठेवतात? सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे एका पोराची बालवाडी बुडते आणि दुसरीची शाळा.

माझ्या वस्तीतली अंगणवाडी भाड्याच्या खोलीत आहे. पत्रे, एक दार, संडास नाही. वजनकाटा आहे, तो अडकतो, मग वजन अंदाजे लिहितात. मी गोदीत हमाली करतो. तिथं प्रत्येक नग मोजतात, एक कमी भरला तर दिवसभर कागद रंगतात. ह्या देशात पोलादाचं वजन चुकून चालत नाही, आमच्या पोराचं चालतं. तेव्हा हे पाठ करा : सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण. पट्टी घ्या आणि स्वतः मोजा. अंदाजावर सोडू नका.

सेविकाताईला शिव्या घालून आपण मोकळे होतो. तो नेम चुकीचा आहे. ती आपल्यातलीच. सर्वेक्षण तिनं करायचं, निवडणुकीची यादी तिनं फिरवायची, मोबाईलवर माहिती तिनं भरायची. सरकारी मोबाईल निकृष्ट म्हणून २०२१ साली राज्यभर बायांनी ते परत फेकले. २०२३ साली मदतनीस बाईचं मानधन ४४२५ वरून ५५०० रुपये केलं. महिन्याचे! नंतर वाढलं, पण पगार म्हटलं नाही, मानधनच म्हटलं. ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नास दिवसांहून जास्त त्या संपावर होत्या. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ साली सुप्रीम कोर्टातून मिळवावा लागला. जिला राज्य कामगार मानत नाही, तिनं आपल्या पोराला माणूस म्हणून घडवावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

आणि पोटाला चिमटा काढून इंग्रजी नर्सरीची फी भरणाऱ्यांनो, थांबा. साडेतीन वर्षांच्या पोराला टाय बांधून एबीसी गिरवायला लावणं म्हणजे शिक्षण नव्हे. त्या वयात पोरानं बोलावं, गावं, मातीत खेळावं, बिया वेगळ्या कराव्यात, 'का' विचारावं. आणि हे त्याच्या घरच्या बोलीत व्हावं. ह्या शहरात दखनी आहे, गोरमाटी आहे, वडारी आहे, आपली वस्तीतली मराठी आहे. 'व्हय' म्हणणाऱ्या पोराला 'होय म्हण' म्हणून दटावलं की ते कायमचं गप होतं. त्याच्या जिभेवर पहिला पहारा तिथंच बसतो.

आता कामाचं. १३ डिसेंबर २००६ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे : वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस पोरं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. दलित-आदिवासी वस्त्यांना आधी. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्यात शिजवलेलं गरम अन्न पोराचा हक्क आहे. उपकार नाही. खिचडी आम्ही सोडणार नाही, पण खिचडीवर थांबणारही नाही.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी पोरं मोजावीत. यादी करावी, आयांच्या सह्या घ्याव्यात, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून पोच घ्यावी. पक्की खोली, पाणी, संडास, चालू काटा, खेळणी, पुस्तकं आणि रोज दोन तास फक्त शिकवणं, एवढं लिहून मागावं. संध्याकाळी कट्ट्यावर क्रांती बोलणाऱ्या प्रत्येकानं आठवड्यातून एक सकाळ अंगणवाडीत बसून एक गोष्ट सांगावी.

१९५० साली बाबासाहेबांनी ह्याच शहरात कॉलेज काढलं. विद्यापीठाच्या नावासाठी माणसं मेली, घरं जळाली, सोळा वर्षं लढून १९९४ साली नाव लागलं. त्या विद्यापीठाच्या पायऱ्या चढायला जे पोर निघायचंय, ते आत्ता पत्र्याच्या खोलीत ताटली घेऊन बसलंय. त्याला गाठा.

जय भीम!