शब्द तोच, जागा वेगळी!

मित्रांनो, मराठीत आपण 'लाल फूल' म्हणतो, इंग्रजीत 'रेड फ्लॉवर'. दोन्हीकडे विशेषण आधी, नाम नंतर. पण इंग्रजीत काही वेळा विशेषण नामाच्या मागे जाऊन बसतं. अशा विशेषणाला 'पोस्टपॉझिटिव्ह ॲडजेक्टिव्ह' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका! इथे 'पोस्ट' म्हणजे टपाल नव्हे, तर 'नंतर'. नामानंतर ठेवलेलं विशेषण, एवढाच त्याचा अर्थ.

काही शब्दांना ही जागा ठरलेलीच असते. 'समथिंग न्यू' म्हणायचं, 'न्यू समथिंग' नाही. 'सेक्रेटरी जनरल' हे पदही तसंच. यात 'जनरल' हे विशेषण आहे, म्हणून अनेकवचन करताना 'एस' नामाला लागतो : 'सेक्रेटरीज जनरल'.

खरी गंमत पुढेच आहे. काही विशेषणांची जागा बदलली की अर्थच बदलतो. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद, मग ते घरी झोपलेले का असेनात! आणि 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे सभेला हजर असलेले सभासद.

एवढ्याशा फरकानं काय होतं? बघा हं. आपल्या राज्यघटनेच्या कलम १०० नुसार संसदेतले बहुतेक निर्णय 'मेंबर्स प्रेझेंट अँड व्होटिंग' यांच्या बहुमतानं होतात. लोकसभेच्या जागा ५४३. सगळ्यांचं बहुमत म्हणजे २७२. पण समजा, हजर राहून ३०० जणांनीच मत दिलं, तर १५१ मतं पुरतात!

आता आई-बाबांसाठी एक शब्द : 'कन्सर्न्ड'. 'पेरेंट्स कन्सर्न्ड' म्हणजे संबंधित पालक. 'कन्सर्न्ड पेरेंट्स' म्हणजे काळजीत पडलेले पालक. आपल्याकडे अर्जात 'द कन्सर्न्ड ऑफिसर' असं सर्रास लिहितात आणि ते आपल्याला कळतंही. पण परदेशात पत्र पाठवताना 'द ऑफिसर कन्सर्न्ड' लिहिलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, साहेबांना कसली एवढी चिंता लागलीय?

आता तुमची पाळी. क्रिकेट खेळताना वर्गाची काच फुटली. बाईंनी विचारलं, "हू इज द बॉय रिस्पॉन्सिबल?" आणि मग म्हणाल्या, "आय नीड अ रिस्पॉन्सिबल बॉय टू स्वीप द फ्लोअर."

दोन्ही वेळा हात वर करायचा का? अर्थ लावा, मग ठरवा!