ससा म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

आमचा गोट्या (जात ससा, मुक्काम पोस्ट मुलुंड) गेल्या पावसाळ्यात सारखी मान झटकायला लागला. कानात डोकावलं तर तपकिरी खपल्यांचे थर! घरात लगेच तीन मतं पडली. आई म्हणाली, "खोबरेल तेल सोड." लेक म्हणाली, "आंघोळ घालू या." मी जास्त शहाणा, सरळ दुकान गाठलं.

दुकानदाराने कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरचं, मानेवर सोडायचं औषध दिलं. "साहेब, अर्धंच टाका. ससा लहान असतो ना!" हिशेब पटला. घरी येऊन नळी तोडणार, तेवढ्यात लेकीने आतला कागद वाचला... सशांसाठी वापरू नये.

ते फिप्रोनिल होतं. कुत्र्या-मांजरांना चालतं, पण सशाला त्याची विषबाधा होते. खाणं सुटतं, झटके येतात, जीवही जातो. अर्धं टाकलं म्हणून विष सुरक्षित होत नाही. शिवाय ससा दिवसभर अंग चाटतो आणि त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी गोट्याला काट्यावर ठेवलं. दीड किलो. मग कानातली खपली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं, कारण औषधाने किडे मरतात, त्यांची अंडी नाही. खपल्या ओढून काढायच्या नाहीत, फार दुखतं. त्या आपोआप गळतात. आंघोळही नको, ससा भीतीने आणि गारठ्याने गळाठतो.

हेच औषध गाई-म्हशींना ५० किलो वजनामागे १ मिलिलीटर देतात. त्या हिशेबाने गोट्याच्या वाट्याला थेंबभरही येत नाही! (सशाचा हिशेब वेगळा असतो, तो डॉक्टरांनीच करायचा.) आणि आम्ही अंदाजपंचे निघालो होतो.

मला वाटतं, खोट आमच्या नजरेत आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून मुलांच्या हट्टापायी खेळणं आणल्यासारखा ससा आणायचा. तो आजारी पडला की म्हणायचं, "एवढ्याशा सशासाठी डॉक्टरला पाचशे रुपये?" कुत्रा निदान केकाटतो. ससा दुखणं लपवतो; जंगलात ज्याचं दुखणं दिसलं तो आधी खाल्ला जातो. म्हणून त्याच्या वतीने बोलायचं काम आपलंच.

तेव्हा घरात ससा असेल तर आठवड्यातून एकदा कान बघा, महिन्यातून एकदा वजन करा आणि औषधाच्या खोक्यातला कागद फेकण्याआधी वाचा.

असो. गोट्याचे कान आता गुलाबी आहेत. नळीचं ते खोकं मी मुद्दाम कपाटावर ठेवलंय. शहाणपणा वर यायला लागला की बघतो.