शेवाळ न वाचणारे आपण

‘पानवेली काढल्या, गोदावरी स्वच्छ झाली’ या अर्थाचे वाक्य नाशिककरांच्या वाचनात वर्षातून एकदा तरी येतेच. सिंहस्थ जवळ आला की अंमळ अधिक वेळा. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. मात्र त्यातल्या स्वल्पविरामाच्या आडोशाने कार्यकारणभावाची जी चोरटी वाहतूक चालते, तिच्याविषयी साहित्याच्या लोकांनी तरी बोलावयास हवे होते. पानवेल ही आधी नोंद असते आणि मग उपद्रव. पाण्यात नत्र आणि स्फुरद किती मुरले आहे याची ती नोंद. यंत्राने ती खरडून काढली की नोंद तेवढी पुसली जाते. सांडपाण्याचा नाला आहे तेथेच असतो.

नदी हे सारे घेऊन पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते. निफाड तालुक्यातील द्राक्षबागांची आणि उसाची खतेही वाटेत तिच्यात उतरतात. कादवेच्या संगमाखाली 1907 ते 1913 या काळात बांधलेला दगडी बंधारा तिला अडवतो. पाणी संथ झाले, गाळ बसला, बेटे तयार झाली, आणि साठवणीच्या हिशेबात उथळ होत गेलेल्या या जलाशयाचे पाणथळ म्हणून भाग्य उजळले. 1986 साली तेथे अभयारण्य झाले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे बिरूदही त्याला मिळाले. (आपल्याकडील कोणत्याही गोष्टीला दुसरीकडच्या कशाचे तरी नाव दिल्याविना आपले समाधान होत नाही. असो.)

या जलाशयाची प्रकृती कशी आहे, असे विचारले की पक्ष्यांचा आकडा सांगितला जातो. पक्ष्यांविषयी आमची तक्रार नाही. आपण ज्याला वारकरी म्हणतो तो काळा पाणपक्षी थव्यांनी उतरतो तेव्हा आम्हीही हरखून जातो. पण तो पाहुणा आहे. पाणी मानवले नाही तर तो उडून दुसरीकडे जाईल. शिवाय काही पाणपक्ष्यांना पोषणद्रव्यांनी तुडुंब भरलेले पाणी चांगलेच मानवते, तेव्हा गर्दी हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. पाण्याखाली मूळ धरून बसलेल्या वनस्पतीला पळून जाता येत नाही. तिला प्रकाश लागतो. पाणी गढूळ झाले की खोलवरच्या वनस्पती आधी मरतात, मग उथळातल्या, आणि शेवटी तरंगणाऱ्या उरतात. कारासारखी तळाशी वाढणारी, स्वच्छ पाणी मागणारी जात कोठून आणि कधी नाहीशी झाली, हे कळले तर तळ्याचे चरित्र लिहिता येते.

शैवाले तर त्याहून बोलकी. नांदूरच्या बंधाऱ्याचे काम चालू होते त्याच काळात, 1908 साली, जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सोन यांनी कोणती वनस्पती व कोणते शैवाल पाण्यातील किती घाण सोसते याची क्रमवारी लावली. पुढे 1969 मध्ये अमेरिकेतील पामर यांनी वीस शैवालवंशांना गुण दिले: युग्लीना आणि ऑसिलेटोरिया यांना पाच, क्लॅमिडोमोनस व सीनेडेस्मस यांना चार, असे. नमुन्यात सापडलेल्यांच्या गुणांची बेरीज वीस वा अधिक झाली की सेंद्रिय प्रदूषण तीव्र समजावे. हे करण्यास एक सूक्ष्मदर्शक पुरतो आणि नजर कमवावी लागते. युरोपीय संघाने 2000 सालच्या जलविषयक निर्देशात पाणवनस्पती व शैवाले यांना थेट कायद्यात स्थान दिले.

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ए ते ई असे पाण्याचे पाच वर्ग आहेत, आणि ते ठरतात ‘वापरा’वरून: पिण्यास, स्नानास, सिंचनास. विरघळलेला प्राणवायू, सामू, जिवाणू असे मापदंड त्यासाठी आहेत. तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशी जीवांवर आधारलेले निकषही मंडळाने पुढे तयार केले. पण व्यवहारात राज्य बाटलीचेच. आणि बाटली फसवते. शैवालांनी हिरवे झालेले पाणी सकाळी अकरा वाजता तपासा, प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू उदंड भरेल. तेच पाणी पहाटे तपासा. रात्रभराच्या श्वसनाने तो इतका घटलेला असू शकतो की मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. कार्यालयीन वेळ मात्र अकराचीच असते.

या ठिकाणी दोष केवळ अभियंत्यांना देऊन आम्ही सुटू इच्छीत नाही. मागे एका महाविद्यालयात ‘साहित्य आणि पर्यावरण’ या विषयावरील चर्चासत्रात आम्ही दिवसभर बसलो होतो. जल म्हणजे जीवन, जल म्हणजे स्मृती, जल म्हणजे स्त्रीत्व. सर्व काही झाले. एकाही निबंधात पाण्यातल्या एकाही वनस्पतीचे नाव नव्हते, कमळाचा अपवाद वगळता. कमळाचे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या निर्मळतेचे प्रतीक करून ठेवले आहे आणि शेवाळ म्हणजे साचलेपणा, कुजकेपणा. प्रत्यक्षात कमळाला पोषणद्रव्यांनी भरलेला गाळच मानवतो. आणि ज्या शेवाळाला आपण शिवी म्हणून वापरतो त्यात शेकडो जाती आहेत, पैकी काही केवळ नितळ पाण्यातच जगतात. डायटम या शैवालांची सिलिकेची कवचे तळाच्या गाळात थरावर थर साचून तळ्याचा इतिहास जपतात. संहितेच्या थरांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हा मंडळींना ही संहिता नांदूरच्या गाळात पडून आहे, याचा पत्ता नाही.

‘मग पानवेली वाढू द्यायच्या काय?’ असे आम्हांस विचारले जाईल. मुळीच नाही. त्यांच्या गालिच्याखाली प्रकाश पोचत नाही आणि प्राणवायू संपतो, हे आम्ही जाणतो. त्या काढून दूर नेल्या तर त्यांनी शोषलेली पोषणद्रव्येही जातात. काठावरच ढीग लावला तर कुजून ती पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून काढाव्यात, पण कोठे, केव्हा, किती वाढल्या होत्या आणि त्यांच्याखाली काय उरले होते, हे लिहून मग काढाव्यात. पक्षिगणनेच्या सोबतीने वनस्पतींची आणि शैवालांची गणना व्हावी, आणि तिचे आकडेही तितक्याच ठळकपणे छापले जावेत.

यात मराठी विभागांनाही काम आहे. जाळ्यात अडकणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला मासेमारी करणाऱ्यांचे स्वतःचे नाव असते. ती नावे, कोणती वनस्पती पूर्वी कोठवर दिसे आणि आता दिसत नाही या आठवणींसह, बोलीच्या अभ्यासकांनी काठावर बसून उतरवून घ्यावीत आणि शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन द्यावीत. दोन्ही विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात.