आधी ऊन, मग बेडरूम

‘मधे एक मस्त कोर्टयार्ड हवं!’ बंगला बांधायला निघालेल्या कुठल्याही कपलची विशलिस्ट काढा, वरच्या तीन ओळींत हे सापडणारच. कोर्टयार्ड म्हणजे काय, तर मासिकातला फोटो. पांढऱ्या भिंती, एक चाफा, खाली गोटे आणि कोपऱ्यात बुद्ध. (बुद्ध कंपल्सरी!) पण तो फोटो एका दिवशीच्या एका तासाचा असतो. घरात राहायचं असतं बारा महिने.

माझा मावसभाऊ तळेगावजवळ तीन गुंठ्यांवर घर बांधतोय आणि गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. तो आणि वहिनी दोघंही आयटीत. सोबत राहणार माझी मावशी, वय ७२. मावशीचं सगळं आयुष्य पेठेतल्या वाड्यात गेलं. वाडा पाडून तिथे बिल्डिंग झाली आणि तिच्या वाट्याला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आला. शेजारच्या बिल्डिंगची भिंत खिडकीतून हात बाहेर काढला तर लागेल इतकी जवळ. सकाळी अकराला ट्यूब लावून ती तांदूळ निवडते. ‘अगं, दिवस कधी चढला आणि कधी उतरला, कळतच नाही,’ असं ती मला एकदा सहज म्हणाली होती. तेव्हा ‘चौक हवा’ ही तिच्यासाठी फॅशन नाही, हे आधी सांगते.

आता तुम्ही म्हणाल, वाडा म्हणजे काय उजेडच उजेड! तसं मुळीच नाही हं. बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात एकदा चक्कर मारा. चौकात लखलखाट, सोप्यावर छान मऊ उजेड, पण आत जाल तसतसा अंधार दाट होतो. जुन्या वाड्यांमधली माजघरं आणि बाळंतिणीच्या खोल्या दिवसासुद्धा काळोख्या असायच्या, आणि बायकांचा दिवस तिथेच जायचा. म्हणून वाड्याची कॉपी मारण्यात अर्थ नाही. साधा हिशोब असा, की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामापुरता उजेड पोहोचतो. ७ फुटांची चौकट असेल तर १४ ते १७ फूट. त्याहून खोल खोली केलीत की लावा ट्यूब.

पण खरी भांडणं झाली ती चौकाच्या दक्षिणेच्या बाजूवरून. प्लॅनमध्ये १५ बाय १४ फुटांचा चौक होता, उत्तर-दक्षिण १५. चारही बाजूंनी दोन मजले. दिसायला एकदम झक्कास! आर्किटेक्टने कागदावर एक तिरकी रेघ मारली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेची भिंत २२ फूट उंच असेल तर तिची सावली पडते जवळजवळ २० फूट. चौक १५ फुटांचा! ऐन थंडीत, जेव्हा ऊन हवंहवंसं वाटतं, तेव्हा फरशीला उन्हाचा स्पर्शही नाही. ऊन पडणार समोरच्या भिंतीवर, साडेपाच फुटांच्या वर. मावशीची उंची पाच फूट. तुळस तर विसराच.

उपाय एकच होता. दक्षिणेचा भाग एकमजली ठेवायचा. मग भिंत कठड्यासकट ११ फूट, सावली १० फूट आणि उत्तरेला ५ फुटांचा उन्हाचा पट्टा. पण त्यात वरची एक बेडरूम उडाली. ती खोली वहिनीच्या आईसाठी होती. तिच्या आईही एकट्याच असतात आणि पुढेमागे इथे येणार, हे गृहीत होतं. एका आईला ऊन मिळावं म्हणून दुसऱ्या आईची खोली काढायची? वहिनी दोन दिवस गप्प होती. मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही. शेवटी भावाने स्वतःची स्टडी सोडली. ती खाली होती आणि वहिनीच्या आईंनाही जिने चढायला नकोत. घरून काम करणाऱ्या माणसासाठी हा त्याग लहान नव्हे.

दुसरा राउंड काचेचा. भावाला चौकावर फिक्स काच हवी होती, पाऊस नको, धूळ नको, चोर नको. मुद्दे बरोबर. पण मेच्या मध्याच्या आसपास सूर्य इथे दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. आडव्या काचेवर ऊन थेट ओतलं जातं आणि वर चढलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही. म्हणजे एसी आलाच. उघड्या चौकातून ती हवा निघून जाते. तेव्हा वर फक्त लोखंडी जाळी, उन्हाळ्यात ओढायला कापडी पडदा आणि भोवती ३ फुटांची पागोळी. ही पागोळी मोठी हुशार चीज आहे. जूनमधला डोक्यावरचा सूर्य ती अडवते आणि डिसेंबरातला तिरका सूर्य तिच्याखालून खुशाल आत येतो.

पावसाचं काय? पुण्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर धरले तरी एवढ्या चौकात १३ हजार लिटरवर पाणी पडतं. तळेगाव घाटाच्या जवळ, तिथे जास्तच. उतार आणि मोरी आधी आखा, चाफा नंतर. फरशी फिक्या शहाबादीची घ्या, काळा चकचकीत ग्रॅनाइट नको. फिका दगड उजेड परतवून सोप्याच्या छतापर्यंत नेतो. डास येणार, जाळीची दारं लावा आणि विसरा.

आणि हो, एवढं सगळं फक्त बंगलेवाल्यांसाठी, असं समजू नका. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरला छोट्या घरांची जी वसाहत उभारली, तिथे सात-सात घरांना मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचा एक चौक दिला. खर्च वाटला गेला, आकाशही.

प्लॅन आता मंजुरीला जायचाय. मागच्या रविवारी शेवटची मीटिंग झाली. सगळं ठरलं, चहा झाला आणि वहिनीने विचारलं, ‘कपडे वाळत घालायची दोरी कुठे?’ आर्किटेक्टने पुन्हा पेन्सिल काढली. उत्तरेच्या त्या ५ फुटांच्या पट्ट्यावर आता तुळस, मावशीची खुर्ची आणि दोरी, तिघींचा क्लेम आहे.