हाराची तारीख आणि हिशेबाची तारीख



१७ सप्टेंबर आला की आमच्या हदगावात फोन थांबत नाहीत. मुक्तिसंग्रामाच्या शुभेच्छा, वर तिरंगा, कोपऱ्यात नखाएवढे स्वामी रामानंद तीर्थ, आणि मधोमध पुढारी! आठ दिवस आधीच ही चित्रे तयार असतात. १ मे आला की तेच पुढारी, तेच हसू. तारीख तेवढी बदलते.

आम्ही गिरणीत राबणारी माणसं. शुभेच्छांना आमचा विरोध नाही. १९४८ साली निजाम शरण आला, तो दिवस आमचा सणच आहे. पण अवघ्या अकरा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, हेच फोन मुके का होतात? १९५३ साली त्या दिवशी नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या, धंदेशिक्षणात जागा, विकासाच्या पैशात मराठवाड्याकडे खास लक्ष, असा शब्द त्यात दिला गेला. त्या शब्दाचं काय झालं, हे कुणी फोनवर टाकत नाही.

हार घालायला पुढे आणि हिशेब द्यायला मागे, हे चालायचं नाही!

म्हणून आता तारखा आपणच आखायच्या. १७ पासून २८ पर्यंत रोज कराराची एक गोष्ट टाका, खाली एकच सवाल: आपल्या तालुक्याला काय मिळालं? १ नोव्हेंबरला बीदर-भालकी आठवा. १९५६ साली त्याच दिवशी ती म्हैसूर राज्यात घातली. आणि फोटो? आपल्यापैकी कुणाचाच नको. हुतात्म्यांना जागा पुरू द्या.

जय महाराष्ट्र!